विमानाची तारीख पुढे-मागे करून खरंच पैसे वाचतात का? सांगलीहून निघणाऱ्यांचे अनुभव हवेत

हरिपूरची_आत्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. भावाला मुलगा झालाय. भाऊ-वहिनी दिल्लीत असतात आणि आई-बाबांनी नातवाला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलंय. जानेवारीत आम्ही चौघांनी जायचं ठरवलंय: आई (६६), बाबा (७१), नवरा आणि मी. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते हे माहीत आहे, पण दीड दिवस बसून जाणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. म्हणून पुण्याहून विमान.

काल रात्री भाव बघायला बसले. नवऱ्याला बँकेतून रजा मिळणं सोपं जावं म्हणून शुक्रवारी संध्याकाळचं जाणं आणि पुढच्या रविवारचं येणं बघितलं. माणशी ८,९०० एका बाजूचे. सहज बोट सरकून बुधवार उघडला तर दुपारच्या विमानाला ५,२००! विमानतळ तेच, अंतर तेच. येतानाचंही साधारण असंच. चौघांचा दोन्ही बाजूंचा फरक काढला तर २९,६०० रुपये होतात. आमच्या घरात ही रक्कम मोठी आहे.

पण मग मनात आलं, बुधवारच्या स्वस्ताईपायी नवऱ्याच्या रजा जास्त जातील, पुण्यापर्यंतचा खर्च आहेच, मग हातात नक्की किती उरतं? ज्यांनी असं केलंय त्यांनी सविस्तर सांगा. किती आधी काढावं, कुठल्या विमानतळावरून काढावं, सगळंच.

मिरज_जंक्शन

आत्याबाई, अभिनंदन! बारशाच्या घुगऱ्या बाकी आहेत.

वाचतात, नक्की वाचतात. मंगळवार, बुधवार आणि बऱ्याचदा शनिवार दुपार स्वस्त असते. शुक्रवार संध्याकाळ, रविवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ महाग. शोधताना आपण तारीख टाकतो आणि भाव बघतो, ते उलटं करायचं. गूगल फ्लाइट्सवर तारखेच्या चौकटीवर टिचकी मारली की महिन्यातल्या प्रत्येक दिवसाखाली त्या दिवसाचा भाव दिसतो. जाण्याची तारीख आडवी आणि येण्याची उभी असा तक्ताही निघतो, त्यात कुठली जोडी स्वस्त ते लगेच कळतं. स्कायस्कॅनरवर तारखेऐवजी अख्खा महिना निवडता येतो. तिथंच भावाची सूचना लावून ठेवा, चढ-उतार झाला की मेल येतो.

शोध तिथं घ्या, पण तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढा. काही बदलायची वेळ आली की मधल्या माणसाच्या मागे लागावं लागत नाही.

हळदीचं_पेव

मी थोडा वेगळा सूर लावतो. विमानाचा भाव बघून तारीख ठरवायची नाही, घर ते घर हिशोब बघून ठरवायची.

दोन वर्षांपूर्वी अहमदाबादला बहिणीकडे जायचं होतं. पुण्याहून सकाळी सहाचं विमान माणशी १,६०० नं स्वस्त मिळालं, आम्ही तिघं, म्हणजे ४,८०० वाचले असं वाटलं. सहाच्या विमानासाठी चारला लोहगावात, म्हणजे पुणे विमानतळावर हवं. सांगलीहून पुणं २३० किलोमीटर. रात्री अकराला गाडी काढली. रात्रीच्या प्रवासाचा ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता त्या वेळी उखडलेला, त्यात पाऊस. आईला रात्रभर उलट्या झाल्या आणि अहमदाबादला पोचल्यावर पहिला दिवस तिनं झोपून काढला. दुपारचं विमान घेतलं असतं तर सकाळी घरून जेवून निघालो असतो. त्या ४,८०० मधले किती उरले हे मी परत मोजलंच नाही, कारण आईचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आत्याबाई, तुमचं बुधवार दुपारचं आहे, ते चांगलं आहे. फक्त पहाटेच्या स्वस्त विमानाच्या नादी लागू नका. बाबांचं वय बघा.

मिरज_जंक्शन

हळदीचं_पेव, शंभर टक्के मान्य. भाव बघताना वेळेची चाळणी लावता येते, सकाळी दहाच्या आधीची सगळी काढून टाकायची.

गलाईवाला_विटा

धागा बघितला आणि राहवलं नाही. आमचं सगळं आयुष्यच या तारखांवर चाललंय.

मी खानापूर तालुक्यातला, सध्या कोइमतूरला. आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोन्या-चांदीची मोड गाळून शुद्ध करून द्यायची. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगलीत, केरळपासून आसामपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर जावा, आपल्या भाषेत हाक मारणारा एक तरी भेटतोच. आणि ही सगळी माणसं वर्षातनं एकाच वेळी गावाकडं निघतात. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत असती, ती चुकवायची नाही. चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा, ती पण नाही. आता मला सांगा, देवाची तारीख कुणी पुढं-मागं करतं का?

मग आम्ही काय करतो? दोन टोकं वेगळी धरतो. जायचं टोक बांधलेलं, यायचं टोक मोकळं. दसऱ्याची तारीख पंचांगात वर्षभर आधी कळती, त्यामुळं जायचं तिकीट आम्ही अडीच-तीन महिने आधी काढून मोकळं होतो, तिथं भाव उतरायची वाट बघत बसत नाही. सणाच्या आदल्या दिवसाचा भाव उतरत नसतो, चढतोच. पण यायच्या वेळी घाई नसती. दसरा झाला की दोन दिवसांनी एक भाऊ येतो, दुकान उघडतो. मी आणि बायकापोरं आठ-दहा दिवसांनी, भाव पडला की. देशातल्या प्रवासात जाण्या-येण्याचं तिकीट एकदम काढलं म्हणून स्वस्त पडत नाही, दोन वेगळी एकेरी काढली तरी बेरीज तेवढीच होती. म्हणून जाताना एक कंपनी, येताना दुसरी, असं बिनधास्त करा. येताना रेल्वे केली तरी चालतं.

आणि एक. आम्ही थेट पुण्याला उतरत नाही. बेंगळुरूपर्यंत रात्रीची बस, तिथनं कोल्हापूरचं विमान. उजळाईवाडीच्या विमानतळावरनं सांगली ५० किलोमीटर आणि विटा तिथनं पुढं, तरी पुण्यापरीस लई बरं. विमान पुण्यापेक्षा हजारभर महाग असलं तरी घरी पोचेपर्यंत स्वस्त पडतं.

ताई, तुम्ही आधी हे ठरवा की तुमचं कुठलं टोक खरंच बांधलेलं आहे. बारसं तर झालं असेल आता. मग जानेवारीतला कुठला दिवस अडलाय?

हरिपूरची_आत्या

गलाईवाला दादा, तुमचा प्रश्न वाचून मी थबकले. बारसं झालंय, दिवस तसा कुठलाच अडलेला नाही, फक्त नवऱ्याची रजा. घरी बोलून सांगते.

फळ्यावरचा_खडू

सगळ्यांचं वाचलं. पण तारखेची ही मोकळीक कुणाला असते? ज्याचं दुकान स्वतःचं आहे, जो निवृत्त आहे, किंवा जो घरून लॅपटॉपवर काम करतो त्याला. मी तासगाव तालुक्यात शिक्षक आहे. मला दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, बास. माझ्या मुलांच्या शाळेलाही तेव्हाच सुट्टी. देशातली सगळी कुटुंबं तेव्हाच बाहेर पडतात आणि भाव तेव्हाच आभाळाला टेकतात. गेली तीन वर्षं पोरांना विमानात बसवायचं म्हणतोय आणि दर वेळी भाव बघून कोकणात जाऊन येतोय. कोकण सुंदर आहे, तक्रार नाही. पण "बुधवारी जा" हा सल्ला माझ्यासारख्याला कसा लागू पडतो ते कुणीतरी सांगा. हा प्रश्न मी मनापासून विचारतोय.

अजिंक्यतारा_माजी_सैनिक

सर, तुमचं दुखणं मी ओळखतो. मी साताऱ्याचा. फौजेत रजा मिळायची ती तारीख साहेबांच्या सहीवर, आणि सही बऱ्याचदा आठ दिवस आधी. आपल्या हातात काही नसायचं. तरी मोकळीक शोधली की थोडी सापडते.

सुट्टीच्या आत बघा. शाळा सुटली त्या शुक्रवारी-शनिवारी सगळे निघतात आणि शाळा उघडायच्या आदल्या रविवारी सगळे परततात, महाग दिवस हे दोनच. मधे निघून मधेच आलात तर भाव खूप खाली असतो. मे महिन्यापेक्षा जूनचा पहिला आठवडा बघा, शाळा उघडायच्या आधीचा.

दिवाळीत तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी किंवा पाडव्याला सकाळी निघा. त्या दिवशी प्रत्येक जण आपल्या घरी पोचलेला असतो, विमानं मोकळी असतात. मी गुवाहाटीहून एकदा ऐन पाडव्याला निघालो, बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

रांगोळीवाली_माई

आप्पा, पैसे वाचतील हो, पण पाडव्याला घराला कुलूप? दारात दिवा नाही, रांगोळी नाही? मला नाही पटत. दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

अजिंक्यतारा_माजी_सैनिक

माई, तुमचं म्हणणं योग्य आहे. आम्हाला कित्येक दिवाळ्या घरी मिळाल्याच नाहीत, म्हणून मला तो दिवस प्रवासाचा वाटतो. ज्यांच्या घरी सण आहे त्यांनी तो करूनच निघावं. भाऊबीज झाल्यावर दोन दिवस थांबलं तरी चालतं.

फळ्यावरचा_खडू

आप्पा, जूनचा पहिला आठवडा हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची शाळा साधारण १५ जूनला उघडते. आत्ताच भाव बघतो.

तिकीटखिडकी

मिरजेत २२ वर्षं तिकिटांचं काम केलंय, म्हणून थोडं आतलं सांगतो. भाव का बदलतो हे कळलं की तारीख निवडणं सोपं जातं.

एका विमानात एका रांगेत बसलेल्या सहा जणांनी सहा वेगळे भाव दिलेले असू शकतात. कंपनी खुर्च्यांचे गट पाडते. प्रत्येक गटाला एक अक्षर आणि एक भाव. स्वस्त गटातल्या खुर्च्या संपल्या की पुढचा गट उघडतो. शुक्रवार संध्याकाळी नोकरदार आणि कंपन्यांची माणसं कितीही भाव देऊन जातात हे कंपनीला ठाऊक असतं, म्हणून त्या विमानात स्वस्त गटात खुर्च्याच थोड्या ठेवतात. बुधवार दुपारी जास्त ठेवतात. तुम्ही तारीख बदलता तेव्हा कुणी तुम्हाला सूट देत नसतं, कमी मागणीच्या विमानातला खालचा गट तुम्हाला मिळतो एवढंच.

यावरून चार कामाच्या गोष्टी निघतात.

चौघांचं एकदम शोधलंत आणि खालच्या गटात तीनच खुर्च्या उरल्या असतील, तर यंत्र चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावतं. म्हणून आधी एकाचा भाव बघा, मग चौघांचा. फरक दिसला तर तिकीट दोन भागांत काढा.

"मंगळवारी रात्री तिकीट काढलं की स्वस्त" हे लोक मला अजून विचारतात. तिकीट कुठल्या वारी काढता यानं विशेष काही होत नाही, प्रवास कुठल्या वारी करता यानं होतं. तसंच वारंवार बघितलं म्हणून भाव वाढवतात, या समजुतीलाही अर्थ नाही. तुम्ही दुसऱ्यांदा बघेपर्यंत खालचा गट संपलेला असतो.

सरकारनं भाव का बांधून देऊ नयेत, असंही गिऱ्हाईक विचारतं. १९९४ साली एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, तेव्हापासून भाव ठरवणं कंपन्यांच्या हातात आहे. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या कोविडच्या काळात खालची आणि वरची मर्यादा होती. २०२५ च्या कुंभमेळ्यात प्रयागराजचे भाव भडकले तेव्हा सरकारनं कंपन्यांना आवरायला सांगितलं. पण रोजच्या प्रवासात असं कुणी मधे पडत नाही. आपली तारीख हेच आपल्या हातातलं साधन.

आणि घाईत चुकीची तारीख काढली तर घाबरू नका. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांनी ४८ तासांची मुभा दिलीय (२०२६ पर्यंत ती २४ तासांची होती): कंपनीच्या साइटवरून थेट काढलेलं तिकीट, प्रवास किमान सात दिवस पुढचा, तर पहिल्या ४८ तासांत दंड न भरता रद्द करता येतं किंवा बदलता येतं. तारीख बदललीत तर नव्या भावाचा फरक मात्र द्यावा लागतो. त्यानंतर रद्द केलंत तर दंड मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि विमानतळाचे आकार व कर परत मिळतात. "नॉन-रिफंडेबल" लिहिलं असलं तरी मिळतात. लोक मागतच नाहीत आणि पैसे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हरिपूरची_आत्या

काका, किती छान समजावलंत! लगेच करून बघितलं. एकाचं शोधल्यावर ४,८५०, चौघांचं ५,२००. म्हणजे खालच्या गटात एक-दोनच उरल्यात.

तिकीटखिडकी

बरोबर पकडलंत. पण तुमच्या बाबतीत मी दोन तिकिटं करा म्हणणार नाही. पीएनआर वेगळे झाले आणि विमान रद्द होऊन दुसऱ्यात बसवायची वेळ आली, तर आई-बाबा एका विमानात आणि तुम्ही दुसऱ्यात, असं होऊ शकतं. सहा-सातशे रुपयांसाठी ते नको. तरुण मंडळी असती तर सांगितलं असतं.

बेळगाव_सीमेवरून

विमानतळाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून. सांगली-मिरजेच्या माणसाला कोल्हापूर सगळ्यात जवळ, पण उड्डाणं मोजकी. काही ठिकाणी रोज नसतात, त्यामुळे तिथं वाराची मोकळीक जास्त लागते. बेळगावचं सांबरा मिरजेपासून अडीच-तीन तासांवर आहे, जत-कवठेमहांकाळवाल्यांनी ते जरूर तपासावं. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. पण आंबोलीचा घाट पावसाळ्यात नको.

पुण्याला जायचं तर रेल्वे विसरू नका. वंदे भारतला मिरज, सांगली, कराड, सातारा हे थांबे आहेत, पण कोल्हापूरची वंदे भारत रोज नाही, आठवड्यात तीनच दिवस. म्हणजे विमानाचा वार ठरवताना रेल्वेचा वारही बघा. दोन्ही जुळले तर चौघांचा गाडीभाड्याचा बराच भाग वाचतो. पुणे स्टेशनपासून लोहगाव रिक्षानं जाता येतं.

मोड_आलेली_मटकी

अवांतर: दिल्लीला भडंग नेताय ना? भडंग केबिन बॅगेत चालतो का?

मिरज_जंक्शन

चालतो, कोरडा आहे. मी दर वेळी नेतो. अर्धा विमान सुटायच्या आधीच संपतो, म्हणून दोन पाकिटं घ्या.

रांगोळीवाली_माई

कांदा-लसूण मसाला आणि लोणचं मात्र खाली द्यायच्या बॅगेत टाका. तिखट आणि मिरचीचं लोणचं सोबतच्या पिशवीत असलं की तपासणीत काढून घेतात. आणि सुकं खोबरं खालच्या बॅगेतही चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणतात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू न्यायचे असतील तर इथंच वळून न्या. तिथं जाऊन करू म्हणून खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, माझ्या पाव किलो वाट्या गेल्या.

हरिपूरची_आत्या

माई, बरं झालं सांगितलंत! आईनं खोबरं काढूनच ठेवलं होतं. लाडू आता इथंच वळते.

तानपुऱ्याची_गवसणी

अवांतरात माझंही एक. आम्ही मिरजेत तंतुवाद्यं करतो. गिऱ्हाईक विचारतं, तानपुरा विमानातून नेता येईल का? भोपळा नाजूक, पेटी मोठी, केबिनमध्ये मावत नाही. काही जण वाद्यासाठी वेगळी खुर्ची घेतात. तेव्हा हा तारखेचा हिशोब दुप्पट लागू होतो, कारण तिकिटं दोन. आमचे एक गायक गिऱ्हाईक मैफिलीच्या दोन दिवस आधीच पोचतात, मधल्या वारी. खुर्ची स्वस्त पडते आणि वाद्यालाही तिथली हवा मानवायला वेळ मिळतो.

अजिंक्यतारा_माजी_सैनिक

आत्याबाई, जानेवारी आणि दिल्ली म्हणालात म्हणून दोन गोष्टी, याकडे दुर्लक्ष करू नका.

एक, धुकं. डिसेंबरअखेर ते जानेवारी दिल्लीत पहाटे आणि सकाळी दाट धुकं असतं. सकाळची विमानं तासन् तास उशिरा सुटतात, कधी रद्द होतात. या काळात सकाळचं विमान स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. दुपारी बारा ते चारच्या दरम्यानचं धरा.

दोन, प्रजासत्ताक दिन. २६ जानेवारीच्या आधीचा आठवडाभर संचलनाच्या सरावामुळे सकाळी साधारण दोन-अडीच तास दिल्लीत विमानांची ये-जा बंद ठेवतात. पुढची सगळी विमानं त्यामुळे घसरतात. त्यातून २६ तारखेला जोडून शनिवार-रविवार आला की भावही चढतो. तुमची परतीची तारीख त्यात अडकवू नका, १८ च्या आधी या किंवा महिना संपल्यावर या.

हळदीचं_पेव

आप्पा, हे सोन्यासारखं सांगितलंत.

जोडविमान_चुकलेला

स्वस्ताईच्या नादात माझं काय झालं ते सांगतो, कुणाचं तरी नुकसान टळेल. बेंगळुरूमार्गे कोचीला जायचं होतं. एका कंपनीचं कोल्हापूर-बेंगळुरू आणि दुसऱ्या कंपनीचं बेंगळुरू-कोची अशी वेगळी तिकिटं काढली, २,२०० वाचले. जुलै महिना. पावसानं पहिलं विमान अडीच तास उशिरा सुटलं आणि पुढचं गेलं. पहिली कंपनी म्हणाली, पुढचं तिकीट आमचं नाही. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेत आला नाहीत. दोघंही नियमानं बरोबर. नवं तिकीट ६,७०० ला. एका पीएनआरवर असतं तर पुढं पोचवण्याची जबाबदारी कंपनीची होती. वेगळी काढायचीच तर मधे एक रात्र ठेवा.

लेक_म्युनिकला

परदेशाचं थोडं. तिथं गलाईवाला दादांचा नियम उलटा होतो: जाणं-येणं एकत्र काढलं तर बऱ्याचदा स्वस्त, एकेरी दोन काढली तर फार महाग. आम्ही लेकीकडं दोनदा गेलो, एकदा जूनमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत, मुंबईहूनच. फेब्रुवारीत दोघांचे मिळून ४१,००० कमी लागले. थंडी होती, पण आम्हाला लेक बघायची होती, तळी-डोंगर नव्हेत. युरोपला नोव्हेंबर आणि जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी स्वस्त, अमेरिकेला शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ टाळा. पण व्हिसा हातात येईपर्यंत बदलता न येणारं तिकीट काढू नका.

फळ्यावरचा_खडू

भाव बघतो म्हणालो होतो, बघितले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी जाऊन सोमवारी यायचं, कोल्हापूर ते हैदराबाद. चौघांचं मिळून मे महिन्यातल्या भावापेक्षा ११,००० कमी. घरी जेवताना सांगितलं तर धाकटीनं खिडकीची जागा आत्ताच मागून ठेवली. अजिंक्यतारा आप्पा, मनापासून आभार.

अजिंक्यतारा_माजी_सैनिक

सर, डोळ्यांत पाणी आणलंत. धाकटीला जाताना डावीकडची खिडकी द्या आणि येताना उजवीकडची.

हरिपूरची_आत्या

काल रात्री घरी बैठक झाली. सगळ्यांचं म्हणणं वाचून दाखवलं. मी गलाईवाला दादांचा प्रश्न बाबांना विचारला, "बाबा, तुमचा परतायचा कुठला दिवस अडलाय?" बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझा कुठलाच नाही. तुम्हाला परत यायचं म्हणून आम्ही पण येणार होतो." आईनं लगेच मान डोलावली. नातवाजवळ महिनाभर राहायचं दोघांच्याही मनात होतं, पण आमच्या तिकिटात आपली अडचण नको म्हणून बोलले नव्हते. मला फार लागलं ते. आठवडाभर मी भावांचे तक्ते मांडत होते आणि हे विचारलंच नव्हतं.

आता असं ठरलं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बुधवारी दुपारी चौघं एकाच पीएनआरवर, ५,२०० प्रमाणे २०,८००. नवरा आणि मी पुढच्या मंगळवारी दुपारी परत, ५,४०० प्रमाणे १०,८००, म्हणजे २६ जानेवारीच्या बऱ्याच आधी. आई-बाबा फेब्रुवारीत, ४,६०० प्रमाणे ९,२००. एकूण ४०,८००. शुक्रवार-रविवारचा पहिला हिशोब ७१,२०० होता, म्हणजे ३०,४०० कमी. हळदीचं_पेव दादांच्या घर ते घर नियमानं बघितलं तर पुण्याला जाता-येताना गाडी दोन्ही हिशोबांत तीच. फक्त आई-बाबांना आणायला फेब्रुवारीत पुन्हा एकदा गाडी पाठवायची, तिचे ५,५०० धरलेत. हातात २४,९०० उरतात. नवऱ्याच्या दोन रजा जास्त जातील, तो म्हणाला जाऊ देत.

तिकिटं आज सकाळी काढली. काकांनी सांगितल्याप्रमाणे नावं, तारखा मुदतीच्या आत पुन्हा तपासते. फक्त एक काळजी राहिली. फेब्रुवारीत आई-बाबा दोघंच येणार, दिल्लीचा विमानतळ केवढा मोठा, बाबांना तेवढं चालवणार नाही.

तिकीटखिडकी

फार छान केलंत. आता कंपनीच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडा आणि बाबांच्या नावापुढं व्हीलचेअरची नोंद करा. साइटवर सापडलं नाही तर त्यांच्या फोनवर पीएनआर सांगा. आजच करा, ऐन वेळी खुर्च्या कमी पडतात. भावाला सांगा, दारात खुर्ची आणि माणूस येईपर्यंत थांबायचं, मगच निघायचं. आई बाबांच्या सोबत चालतील, तपासणीतून दोघांना एकत्रच नेतात. पुण्यात सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि बाहेर गाडीपर्यंतही सोडतात, फक्त तुमच्या ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा, फोनची बॅटरी संपली तर उपयोगी पडतो.

हरिपूरची_आत्या

काका, आत्ता फोन केला. नोंद झाली, जातानाच्या तिकिटावरही आणि येतानाच्याही.